फोटो दुसऱ्यांदा कुठून येतो?

लग्नाचा एखादा भरगच्च अल्बम फोनवर उघडा. पहिल्यांदा खाली सरकताना प्रत्येक चौकोन क्षणभर करडा राहतो, मग त्यात फोटो उमटतो. बरेच फोटो पाहून झाले की बोट उलट फिरवा आणि वर या. आता करडे चौकोन नाहीत. हळदीचे, मंगलाष्टकांचे, पंगतीचे फोटो जणू जागचे हललेच नव्हते. खरं तर ते हलले होते. स्क्रीनबाहेर गेलेला फोटो फोनच्या दृष्टीने संपलेला असतो, आणि तो पुन्हा पाहायचा आहे असं तुम्ही कुणाला सांगितलेलंही नसतं. तरी कुणीतरी तो जपून ठेवला, आणि तो जपण्यासाठी दुसरा कुठला तरी टाकून दिला. तुमचं बोट पुढे कुठे वळणार हे ठाऊक नसताना हा निर्णय कसा घेतला जातो, हे पाहू लागलं की माणसाच्या बुद्धीची फार मोठी करामत समोर येते.

आधी पहिल्या खेपेचा हिशेब. समजा, हा फोटो अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये आहे. तिथल्या ॲशबर्न भागात अशी केंद्रं दाटीवाटीने उभी आहेत. मुंबईहून ते अंतर साधारण तेरा हजार किलोमीटर. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबल जमिनीवर येतात. त्यांच्यातल्या काचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. पोकळीत तो ३ लाख किलोमीटर जातो, काच त्याला मंदावते. म्हणजे जायला ६५ मिलिसेकंद आणि यायला ६५. त्यातही फोटो मागण्याआधी दोन फेऱ्या नुसत्या तयारीत जातात. एक फेरी जोडणी झाल्याचं दोन्ही टोकांनी मान्य करायला, दुसरी आपसात गुप्त किल्ली ठरवायला. तिसऱ्या फेरीत मागणी जाते आणि फोटोचा पहिला तुकडा परत येतो. केबल अगदी सरळ असती तरी ३९० मिलिसेकंद झाले, आणि ती तशी सरळ नसते.

या आकड्यापाशी मी दर वेळी थबकतो. यात कुणाचा आळस नाही की कुणाची चूक नाही. महागातलं इंटरनेट घेतलं, फाइव्ह-जी आलं, तर एका वेळी जास्त माहिती येईल. पण काचेतल्या प्रकाशाला घाई करता येत नाही. उपाय एकच उरतो, तो म्हणजे पुन्हा जायचंच नाही. एकदा आणलेलं जवळ ठेवायचं. फोनच्या सेटिंगमध्ये ‘कॅशे साफ करा’ असं बटण दिसतं ना, ती ही कॅशे. कल्पना फोनपेक्षा कितीतरी जुनी आहे. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली अवघ्या दोन पानांच्या टिपणात ती मांडली: मोठ्या, संथ मेमरीच्या पुढ्यात एक छोटी, चपळ मेमरी बसवा आणि नुकतंच लागलेलं तिच्यात ठेवा. तीनच वर्षांनी आयबीएमने अशी मेमरी असलेला संगणक जाहीर केला.

फोनमध्ये जवळ ठेवायच्या जागा दोन. एक रॅम. ती चपळ, पण तुटपुंजी, आणि ॲप बंद झालं की त्याचं तिथलं सगळं पुसलं जातं. दुसरी जागा फ्लॅश स्टोरेज, ज्याला डेव्हलपर मंडळी अजून सवयीने डिस्क म्हणतात. ती ऐसपैस आणि टिकाऊ, पण संथ. रॅममधून काही उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, डिस्कवरून साधारण १०० मायक्रोसेकंद. हे आकडे माणसाच्या अंदाजात बसत नाहीत, म्हणून सगळ्यांना एक कोटी पटीने ताणून पाहू. रॅमला एक सेकंद लागला असं धरा. मग डिस्कला लागतील सोळा-सतरा मिनिटं. व्हर्जिनियाची एक फेरी पंधरा दिवसांची होईल, आणि फोटोचा पहिला तुकडा हाती यायला दीड महिना जाईल. हे सगळे फरक तळहातावरच्या एका काचेमागे रोज घडत असतात.

ते डोळ्यांनी पाहण्याचीही एक सुंदर सोय आहे. स्क्वेअर या कंपनीने २०१३ साली अँड्रॉइडसाठी ‘पिकासो’ नावाची लायब्ररी खुली केली. फोटो आणणं, जपणं आणि दाखवणं हे तिचं काम. डेव्हलपरने तिला एक सूचना दिली की ॲपमधल्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात छोटा रंगीत त्रिकोण दिसू लागतो. लाल म्हणजे फोटो नेटवरून आला, निळा म्हणजे डिस्कवरून, हिरवा म्हणजे रॅममधून. यादी पहिल्यांदा उघडली की सगळीकडे लाल. वर-खाली करू लागलं की हिरवा पसरत जातो. ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडलं की निळा. ज्यांना प्रोग्रॅमिंग शिकायचं आहे त्यांनी हे एकदा तरी करून पाहावं. पुस्तकातल्या दहा आकृत्यांनी जे कळत नाही ते इथे मिनिटभरात कळतं.

मग सगळे फोटो रॅममध्येच का ठेवू नयेत? फोनच्या कॅमेऱ्याने काढलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो फाइल म्हणून जेमतेम तीन-चार एमबी असतो. पण स्क्रीनला फाइल दाखवता येत नाही. तिला प्रत्येक बिंदूचा रंग सुटा करून द्यावा लागतो. ४००० गुणिले ३००० म्हणजे १ कोटी २० लाख बिंदू. प्रत्येकाला लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता मिळून चार बाइट. बेरीज झाली ४८ एमबी! कोरड्या कुरडया डब्यात ढीगभर मावतात, पण तेलात सोडल्या की चारांतच ताट भरतं. जेपेग फोटोचं अगदी तसंच आहे. डिस्कवर तो कोरडा राहतो, रॅममध्ये तळून फुललेला. तळायला वेळ लागतो म्हणून तळलेला हाताशी हवा, आणि तळलेले फार ठेवायला जागा नाही. फोटोंच्या कॅशेची सगळी ओढाताण या एका वाक्यात आली.

पहिल्या अँड्रॉइड फोनच्या काळात ती किती जीवघेणी असेल! २००८ साली आलेल्या एचटीसी ड्रीममध्ये एकूण रॅम होती १९२ एमबी, आणि एका ॲपच्या वाट्याला येत १६ एमबी. त्या फोनच्या ३.२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याने काढलेला फोटो पूर्ण उघडला की साडेबारा एमबी खाई. फोनने स्वतःच काढलेला एक फोटो उघडताना ॲपची तीनचतुर्थांशाहून जास्त मेमरी संपे. दुसरा उघडायला गेलं की ॲप कोसळे. तेव्हा ज्यांनी फोटोंची लांब यादी न अडखळता सरकवून दाखवली, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

सुटकेची एक वाट जेपेगच्या पोटातच होती. जेपेग फोटोचे ८ गुणिले ८ बिंदूंचे चौकोन पाडतं. प्रत्येक चौकोनातल्या ६४ मूल्यांचं रूपांतर दुसऱ्या ६४ आकड्यांत होतं. त्यातला पहिला आकडा अख्ख्या चौकोनाची सरासरी सांगतो. पुढचे आकडे त्यातले चढउतार सांगत जातात, आधी ढोबळ, मग बारीक, मग अतिबारीक. हे रूपांतर नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केलं. अहमद यांचा जन्म बंगळुरूचा, आणि तेव्हा ते अमेरिकेत कॅन्ससमध्ये शिकवत होते. १९९२ साली जेपेगचं मानक ठरलं तेव्हा त्याचा गाभा हेच गणित होतं.

आता आपला अल्बम पाहा. यादीत दिसणारा फोटो अंगठ्याएवढा असतो. त्याला मूळ लांबी-रुंदीचा आठवा हिस्सा भरपूर झाला. मग प्रत्येक चौकोनाचा फक्त पहिला आकडा घ्यायचा आणि उरलेल्या ६३ आकड्यांची उलटी गणितं करायचीच नाहीत. एका चौकोनाचा एक बिंदू. ५०० गुणिले ३७५ बिंदूंचा फोटो तयार, आणि ४८ एमबीच्या जागी पाऊण एमबी! मोठा उघडून मग तो लहान केला असं इथे घडलंच नाही. तो लहानच उघडला. चांगल्या लायब्रऱ्या फोटो रॅममध्ये ठेवतात ते म्हणूनच दाखवायच्या मापाचे. त्यामुळे जिथे एक फोटो मावत होता तिथे चौसष्ट मावतात.

तरीही जागा कधीतरी संपतेच. अँड्रॉइडच्या अधिकृत मार्गदर्शनातल्या नमुन्यात ॲपच्या मेमरीचा आठवा हिस्सा फोटोंच्या कॅशेला दिलेला असे. तो भरला की नवा फोटो आत घेण्याआधी एक जुना बाहेर काढावा लागतो. कोणता काढायचा?

याचं सर्वोत्तम उत्तर १९६६ पासून ठाऊक आहे. लास्लो बेलाडी हे १९५६ च्या उठावानंतर हंगेरी सोडून आलेले अभियंते आयबीएमच्या संशोधन केंद्रात काम करत होते. त्यांनी मांडलेला नियम एका ओळीचा आहे: ज्याची गरज सगळ्यांत उशिरा पडणार आहे, तो काढा. याहून चांगला नियम असूच शकत नाही. आणि हा नियम चालत्या यंत्रात कुणालाही वापरता येत नाही, कारण त्यासाठी पुढे काय मागितलं जाईल हे आधीच कळायला हवं. गणितात उत्तर आहे आणि हातात येत नाही, अशी ही अवस्था. त्यानंतरच्या साठ वर्षांतले पुष्कळ प्रयत्न म्हणजे न दिसणाऱ्या भविष्याच्या जागी भूतकाळ ठेवून पाहण्याचे प्रयत्न आहेत.

सर्वांत सोपा प्रयत्न असा: जो आधी आला तो आधी जाईल. रांगेचा न्याय म्हणून बरा वाटतो. याला फिफो म्हणतात, आणि बेलाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली त्याची एक विलक्षण खोड दाखवली. एक ते पाच क्रमांकांचे फोटो या क्रमाने मागितले जात आहेत असं धरा: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. कॅशेत तीन फोटोंची जागा असेल तर नऊ वेळा बाहेरून आणावं लागतं. जागा वाढवून चार केली तर दहा वेळा! कागद-पेन्सिल घेऊन करून पाहा, पाच मिनिटं लागतील. जागा वाढवली आणि काम बिघडलं, हे मनाला पटत नाही, पण आकडे समोर असतात.

दुसरा प्रयत्न जास्त शहाणा. ज्याच्याकडे सर्वांत जास्त वेळ कुणी पाहिलेलं नाही, तो काढा. याचं नाव एलआरयू. आपण नुकतंच पाहिलेलं पुन्हा पाहतो, हा माणसाचा स्वभाव त्यात गृहीत धरलेला आहे. अल्बममध्ये वर-खाली करणाऱ्या बोटाला तो चांगला लागू पडतो. जागा वाढवून काम बिघडण्याची खोड एलआरयूत कधीच येत नाही, हेही सिद्ध झालेलं आहे. अँड्रॉइडने २०११ साली याच नियमावर चालणारी तयार कॅशे डेव्हलपरांच्या हाती दिली. आतली रचना मोहक आहे. सगळे फोटो एका साखळीत ओवलेले असतात. ज्याला हात लागेल तो साखळीतून सुटून शेवटी जाऊन बसतो. मग पुढच्या टोकाला आपोआप तोच उरतो ज्याला कधीपासून कुणी विचारलेलं नाही. शोधाशोध करावी लागत नाही.

पण एलआरयूलाही फसवता येतं. कॅशेत शंभर फोटोंची जागा आहे आणि अल्बममध्ये एकशे एक फोटो. पहिल्यापासून शेवटपर्यंत जा, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. प्रत्येक वेळी जो फोटो लागणार, तोच नुकताच बाहेर काढलेला असतो. शंभर जागा असून उपयोग शून्य! बेलाडीचा भविष्यवेत्ता नियम याच अल्बमवर जवळजवळ दर वेळी बरोबर ठरला असता. इतकी वाईट गत होऊ शकत असेल तर या नियमावर भरवसा का ठेवायचा? डॅनिएल स्लीटर आणि रॉबर्ट टार्जन यांनी १९८५ साली त्याचं उत्तर दिलं, आणि या विषयातलं मला सर्वांत आवडणारं विधान तेच आहे. एलआरयूला भविष्य जाणणाऱ्या नियमाच्या दुप्पट जागा द्या. मग फोटो कुठल्याही क्रमाने मागा, अगदी मुद्दाम फसवायला मागा; एलआरयूच्या चुका, सुरुवातीचा थोडा फरक सोडला, तर त्या सर्वज्ञाच्या चुकांच्या दुप्पट होत नाहीत. भविष्य न कळण्याची किंमत इतकी नेमकी मोजता येते, याचं मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं.

या सगळ्याला घाईची चौकट आहे. अनेक फोनची स्क्रीन सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगते, म्हणजे एका चित्राला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ. त्यात मोठा फोटो उलगडणं बसत नाही. म्हणून ते काम पडद्यामागे चालतं आणि यादी पुढे सरकत राहते. यातून एक गमतीदार घोटाळा होतो. यादीतले चौकोन नवे बनत नाहीत. वर गेलेला चौकोन खाली आणून पुन्हा वापरला जातो. वर असताना त्याने मागवलेला फोटो उशिरा आला तर तो खालच्या नव्या नावापाशी चिकटतो, आणि काकांच्या नावापुढे भाचीचा चेहरा दिसतो. चांगली लायब्ररी म्हणूनच चौकोन पुन्हा वापरला जाताच त्याची जुनी मागणी रद्द करते. एकच फोटो दहा चौकोनांनी एकदम मागितला तर एकच खेप काढून दहांनाही वाटते.

टाकून देण्याची वेळ जागेमुळेच येते असं नाही. मावशीने आपला फोटो बदलला आणि तुमच्या फोनवर आठवडाभर जुनाच दिसत राहिला, तर कॅशे जपण्यात फारच इमानी ठरली. यासाठी सर्व्हर फोटोसोबत एक खूणचिठ्ठी पाठवतो, तिला ईटॅग म्हणतात. पुढच्या वेळी फोन नुसती चिठ्ठी दाखवून विचारतो, हाच चालू आहे ना? सर्व्हर उत्तरतो ३०४, म्हणजे बदल नाही, आणि फोटो पाठवतच नाही. डेटा वाचतो, पण फेरी झालीच. ती फेरीही वाचवायची युक्ती मला जास्त देखणी वाटते. फोटोचा पत्ताच त्याच्या आतल्या बिंदूंवरून गणिताने काढायचा. फोटोत तीळभर बदल झाला की पत्ता बदलतो. मग एका पत्त्यावरचा फोटो कधी बदलूच शकत नाही. तो वर्षभर बिनधास्त ठेवावा, विचारायला जाऊ नये.

फोनबाहेरही असेच थर आहेत. व्हर्जिनियातल्या फोटोची प्रत मोठ्या कंपन्या मुंबईतल्या सर्व्हरवरही ठेवतात, आणि तीही एक कॅशेच. हे थर मिळून किती भार उचलतात याचं एक फार सुंदर मोजमाप २०१३ साली प्रसिद्ध झालं. कॉर्नेल विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी महिनाभरातल्या ७ कोटी ७० लाख मागण्या तपासल्या. त्या १३ लाखांहून अधिक वेगवेगळ्या फोटोंसाठी होत्या. त्यांपैकी ६५.५ टक्के मागण्या लोकांच्या ब्राउझरमधल्या कॅशेनेच भागवल्या. म्हणजे दर तीन मागण्यांतल्या जवळजवळ दोन घराबाहेर पडल्याच नाहीत. २० टक्के मागण्या भागवल्या वापरकर्त्यांजवळच्या शहरांतल्या सर्व्हरनी, ४.६ टक्के त्यामागच्या मध्यवर्ती कॅशेने, आणि मूळ साठ्यापर्यंत पोहोचल्या त्या अवघ्या ९.९ टक्के.

त्या अभ्यासातला एक तपशील मला विशेष वाटतो. शहरांतल्या त्या सर्व्हरवर तेव्हा साधा फिफोच चालू होता. संशोधकांनी नोंदवलेल्या मागण्या दुसऱ्या नियमांवर चालवून पाहिल्या, आणि त्यात बेलाडीचा नियमही होता. चालत्या यंत्रात तो अशक्य, पण नोंदवहीत भविष्य आधीच लिहिलेलं असतं. मागचं सगळं घडून गेल्यावर सर्वज्ञ होता येतं. त्यामुळे कोणता नियम परिपूर्णतेच्या किती जवळ आहे हे मोजता आलं. चार पायऱ्यांचा एलआरयू चांगला ठरला. नवा फोटो सर्वांत खालच्या पायरीवर बसतो, पुन्हा कुणी मागितला की एक पायरी चढतो, मागणी थांबली की एकेक पायरी उतरत बाहेर जातो. एकदाच पाहिले जाणारे फोटो त्यात खालच्या खाली निघून जातात आणि लाडक्यांना धक्का लागत नाही.

आता उरले ते ९.९ टक्के. प्रत्येक थर लोकप्रिय फोटो आपल्याकडे गाळून घेतो, त्यामुळे तळाशी पोहोचतात ते मुख्यतः जुने, कधीतरी कुणाला तरी आठवलेले. त्यांना कुठल्याही कॅशेत जागा नव्हती आणि पुढे मिळेल याचीही खात्री नाही. फेसबुकने या फोटोंसाठी ‘हेस्टॅक’ नावाचा वेगळा साठा बांधला आणि २०१० साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. तेव्हा साठ्यात साडेसहा हजार कोटी फोटो होते, प्रत्येकाची चार मापं मिळून २६ हजार कोटी चित्रं. आधीच्या पद्धतीत हजारो फाइलींच्या फोल्डरमधून एक चित्र काढायला डिस्कला दहाहून अधिक वेळा हात घालावा लागे; फोल्डर लहान केल्यावर तीन वेळा. चित्र कुठे आहे हे शोधण्यातच फेऱ्या जात होत्या. हेस्टॅकने असंख्य चित्रं एकेका प्रचंड फाइलीत सलग ठेवली आणि प्रत्येकाचा ठावठिकाणा तेवढा रॅममध्ये घेतला. लिनक्सच्या एका नेहमीच्या फाइल-व्यवस्थेत एका फाइलीची अशी नोंद ५३६ बाइट खाते. हेस्टॅकमध्ये ती सरासरी १० बाइटवर आली, आणि म्हणून सगळ्या नोंदी रॅममध्ये मावल्या. वर्षानुवर्षं कुणी न उघडलेलं चित्रही आता डिस्कवरून एकाच खेपेत हाती येऊ लागलं.